उभे करणारे हात

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६, २ तीमथ्य २:१-७

(आर. के. पुरम, नवी दिल्ली येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनासभेत केलेले प्रवचन)



आयुष्याच्या अखेरीस तुरुंगात असताना प्रेषित पौलाने तीमथ्याला जे पत्र लिहिले, त्याच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ आपण आताच ऐकला. त्यातील दुसऱ्या वचनात चार पिढ्या एकापाठोपाठ एक उभ्या आहेत. पहिली पिढी पौलाची, दुसरी तीमथ्याची, तिसरी तीमथ्य ज्यांना शिकवील त्या विश्वासू माणसांची, आणि चौथी ते ज्यांना शिकवतील त्यांची. मृत्यू समोर दिसत असताना पौलाला आपल्या नावाची चिंता नाही. आपल्याला मिळालेली ठेव पुढच्या हातांत पोहोचेल की नाही, याची मात्र त्याला काळजी आहे. लगेच पुढे तो सैनिक, मल्ल आणि शेतकरी यांची उदाहरणे देतो. आखाड्याकडे बोट दाखवून आत्मिक सत्य सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. म्हणून आज आपणही थोडा वेळ क्रीडांगणाकडे पाहू, आणि तेही खेळाडूकडे नव्हे, तर त्याच्यामागे सीमेबाहेर उभ्या असलेल्या गुरूकडे.

मराठी माणसाला रमाकांत आचरेकर हे नाव नव्याने सांगावयास नको. १९३२ साली जन्मलेले आचरेकर सर स्वतः क्रिकेट खेळत असत; परंतु प्रथम दर्जाचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला. १९६३-६४ च्या हंगामात मोईनुद्दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघातून हैदराबादविरुद्ध खेळले, आणि तेथेच खेळाडू म्हणून त्यांची मोठी वाटचाल संपली. जगाच्या हिशेबात ही अपयशाचीच कथा म्हणावी लागेल. परंतु दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी मुलांना शिकवावयास आरंभ केला आणि त्या धुळीतून बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार आणि सचिन तेंडुलकर असे खेळाडू उभे राहिले. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्याच्या नावाचा जयघोष साऱ्या जगाने केला होता, त्या शिष्याने आपल्या गुरूच्या पार्थिवाला खांदा दिला.

आचरेकर सर ख्रिस्ती नव्हते. मग मंडळीत त्यांचे उदाहरण का द्यावे, असे कोणास वाटेल. ज्या प्रभूने शास्त्रपंडिताला प्रीतीचा धडा देण्यासाठी एका शोमरोन्याला पुढे केले, त्याच्या शिष्यांनी चांगुलपणा कोठेही दिसला तरी तो ओळखावा आणि देवाचे आभार मानावेत, हेच योग्य होय. या जीवनाच्या प्रकाशात आपण बर्णबाकडे पाहू या. त्याचे मूळ नाव योसेफ; तो कुप्र बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणजे बोधपुत्र हे नाव दिले. त्याने लिहिलेले एकही पत्र नव्या करारात नाही. तरीही त्याच्याविना नव्या कराराची कथा पुढे सरकत नाही.

१. पाहणारी दृष्टी

सचिन अकरा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर घेऊन गेला. गुरूच्या नजरेखाली तो मुलगा बावरला आणि त्याला नीट खेळता आले नाही. तेव्हा अजितने सरांना विनंती केली की, आपण दूर जाऊन, त्याला दिसणार नाही असे उभे राहून पुन्हा एकदा पाहावे. सरांनी ती विनंती मान्य केली. आपण समोर नाही असे भासवून ते दुरून पाहत राहिले, आणि मुलाची निवड झाली.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट क्षुल्लक नाही. पहिल्या दर्शनात जो कमी पडला, त्याला दुसऱ्यांदा पाहण्याची तयारी फार थोड्यांजवळ असते. यरुशलेमेत शौल आला तेव्हा सर्व शिष्य त्याला भ्याले. तो शिष्य झाला आहे, यावर कोणाचा विश्वास बसेना. प्रेषितांची कृत्ये ९:२७ मध्ये आपण वाचतो की, बर्णबाने त्याला जवळ घेतले व प्रेषितांकडे नेले. पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा तोच बर्णबा शौलाचा शोध घेत तार्सास गेला. ज्याला सर्व विसरले होते, त्याला शोधावयास कोणीतरी वाट चालून गेले, म्हणून जगाला प्रेषित पौल मिळाला. आपल्या मंडळीत मागच्या बाकावर बसणारा, प्रार्थना करावयास सांगितली की मान खाली घालणारा एखादा मुलगा असेल. त्याला आपण दुसऱ्यांदा पाहिले आहे काय?

२. रोजचा शीण

आचरेकर सरांच्या शिकवण्यात चमत्कार नव्हता, नित्यनेम होता. आपल्या स्कूटरवर सचिनला मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यासाठी नेत असत. सराव संपत आला की ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे; फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याचे. अशी तेरा नाणी सचिनने मिळवली आणि पुढे कोट्यवधींची संपत्ती आली तरी ती जपून ठेवली. एका रुपयाचे मोल ते काय? परंतु त्यामागे गुरूची रोजची संध्याकाळ होती.

अनुवाद ६:७ मध्ये देवाची वचने लेकरांच्या मनावर कशी बिंबवावी हे सांगितले आहे : घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता. म्हणजेच शिकवणे हे समारंभाचे काम नाही; ते स्कूटरवरचे, स्वयंपाकघरातले, शाळेच्या बसथांब्यावरचे काम आहे. तीमथ्याचा विश्वास कोठून आला, हे सांगताना पौल कोणा मोठ्या उपदेशकाचे नाव घेत नाही. तो त्याची आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतो.

३. थांबणारा धीर

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलहून निराळा, अंगाला अंग भिडवून खेळावयाचा खेळ आहे. त्यातील एक थोर प्रशिक्षक टॉम लँड्री हे उघडपणे ख्रिस्ताचे शिष्य होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानावर काम केले. पुढे खेळात नाव मिळाले तरी अंतःकरणातील रितेपण जाईना. तेव्हा १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका बायबल अभ्यासवर्गात डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता त्यांचे जीवन पालटले. १९६० साली त्यांनी डॅलस काउबॉइज हा नवा संघ हाती घेतला. पहिल्या वर्षी बारा सामने झाले : अकरांत हार, एक बरोबरीत, विजय एकही नाही. पुढची तीन वर्षेही विजयांपेक्षा पराभवच अधिक. लोक त्यांना काढून टाका म्हणत असताना १९६४ मध्ये संघाच्या मालकाने त्यांच्याशी आणखी दहा वर्षांचा करार केला! त्यानंतर १९६६ ते १९८५ अशी सलग वीस वर्षे त्या संघाचे विजय पराभवांहून अधिक राहिले आणि दोनदा त्यांनी सर्वोच्च अजिंक्यपद मिळवले.

लूक १३ मधील अंजिराचे झाड आठवा. तीन वर्षे फळ नाही, म्हणून धनी ते तोडावयास सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालीन. बर्णबा हा असा माळी होता. योहान मार्क पहिल्या प्रवासात अर्ध्यावरून परत गेला. पौल त्याला पुन्हा नेण्यास राजी नव्हता. यावरून दोघांत तीव्र मतभेद झाला. तरी बर्णबाने मार्काला सोडले नाही. त्याला घेऊन तो कुप्रास गेला. याचे फळ काय? ज्या पत्राने आपण आरंभ केला, त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात वृद्ध पौल तीमथ्याला लिहितो की, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ज्याला पौलाने नाकारले, त्याचीच पौलाला अखेरीस गरज भासली. मधल्या वर्षांत कोणीतरी त्याच्या भोवती खणून खत घातले होते.

४. मागे सरणारी नम्रता

प्रेषितांच्या कृत्यांत प्रथम 'बर्णबा व शौल' असा क्रम येतो. तेराव्या अध्यायात तो बदलतो, आणि पुढे बहुधा 'पौल व बर्णबा' असेच वाचावयास मिळते. या बदलाबद्दल बर्णबाने कुरकूर केल्याचा एक शब्दही नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही प्रभूची वृद्धी व्हावी आणि आपला ऱ्हास व्हावा, यातच आपला आनंद मानला. शिक्षकाची खरी परीक्षा शिष्य हरतो तेव्हा होत नाही. शिष्य त्याच्या पुढे जातो तेव्हा होते. लँड्री यांना १९८९ साली, एकोणतीस हंगामांच्या सेवेनंतर, संघाची मालकी बदलताच पदावरून दूर करण्यात आले. परंतु २००० साली ते निवर्तले तेव्हा त्यांनी घडवलेली माणसे हीच त्यांची साक्ष ठरली. पद जाते, माणसांत पेरलेले राहते.

एक सावधगिरी

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोप घेताना सचिनने सांगितले की, गेल्या एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधीही चांगला खेळलास असे म्हटले नाही. शिष्याने गाफील होऊ नये, ही त्यांची भावना होती. सामना चुकवल्याबद्दल सरांची थप्पड खाल्ल्याचेही त्याने कृतज्ञतेने सांगितले आहे. त्या काळची शिस्त तशी होती आणि त्या शिष्याला गुरूच्या कठोरपणामागील माया ओळखता आली. परंतु प्रत्येक लेकराला ती ओळखता येतेच असे नाही. कलस्सैकरांस पत्र ३:२१ मध्ये बापांना बजावले आहे की, मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. आपल्या घरांतील किती मुलेमुली बापाच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकण्यासाठी आसुसलेली आहेत! नव्वद गुण आणले तर उरलेल्या दहांचा जाब त्यांना द्यावा लागतो.

आपल्या स्वर्गीय पित्याची रीत पाहा. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा प्रभू येशूने अद्याप एकही रोगी बरा केला नव्हता, एकही दृष्टांत सांगितला नव्हता. तरी आकाशातून वाणी झाली की, हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. प्रीतीचा शब्द कार्याच्या आधी आला. हीच सुवार्ता आहे : देव आपले यश मोजून आपल्याला लेकरे करीत नाही, लेकरे केल्यावर तो आपल्याला घडवतो. ज्याला आपण प्रिय आहोत हे कळले आहे, तो शिस्तही आनंदाने सोसतो. म्हणून गुरूचे श्रम घ्या, धीर घ्या. परंतु मौन मात्र घेऊ नका.

आपल्या वसाहतीपुरते

आता हे वचन आपल्या दाराशी आणू. आर. के. पुरम ही सरकारी नोकरांची वसाहत. सेक्टरांमागून सेक्टर घरे आहेत. पण ती कोणाचीच नाहीत. आज येथे असलेले कुटुंब बदलीचा हुकूम आला की सामान बांधते. त्यामुळे एक विचार हळूच मनात शिरतो : तीन वर्षांसाठी कोणाची मुले कशाला शिकवावी? शब्बाथशाळेला शिक्षक मिळत नाही तो यामुळेच. मुलांची मराठी प्रार्थना तुटक होत चालली आहे. आजीचे पत्र आले तर ते वाचून दाखवावे लागते. उद्या त्यांच्या हाती शास्त्र कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून पोहोचणार?

येथून जवळच, धौला कुआँच्या वेंकटेश्वर कॉलेजच्या मैदानावर तारक सिन्हा नावाचे गुरू मुलांना क्रिकेट शिकवीत असत. १९६९ मध्ये त्यांनी सॉनेट क्लब सुरू केला. त्यांनी विवाह केला नाही. शिष्य हेच त्यांचे कुटुंब. परीक्षेच्या दिवसांत ते मुलांना मैदानावर येऊ देत नसत, कारण त्यांना केवळ खेळाडू नव्हे तर माणूस घडवावयाचा होता. रमण लांबा, मनोज प्रभाकर, आशिष नेहरा, शिखर धवन हे त्यांचे शिष्य. रूडकीहून आईसोबत येणारा ऋषभ पंत मोतीबागेच्या गुरुद्वारात मुक्काम करून त्यांच्याकडे शिके. २०१८ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ते निवर्तले. त्यांच्या मैदानावरही मुले येत व जात. कोणते मूल टिकेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी त्यांनी पन्नास वर्षे शिकवले. नाशवंत मुगुटासाठी जर माणसे इतके करतात, तर अविनाशी मुगुटाची आशा धरणाऱ्यांनी तीन वर्षांचा हिशेब करीत बसावे काय?

१ करिंथकर ३:६ मध्ये पौल म्हणतो की, लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढवणारा देव. बदली हे न शिकवण्याचे कारण नव्हे; बदली म्हणजे बी दूरवर नेणारा वारा आहे. येथे तुम्ही ज्या मुलीला एक स्तोत्र पाठ करून द्याल, ती ते गुवाहाटीच्या किंवा चेन्नईच्या घरात म्हणेल. तुम्ही ते ऐकणार नाही. परंतु ज्याचे ते स्तोत्र आहे, तो ऐकेल.

सेवानिवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांनो, आपली पाळी संपली असे मानू नका. ज्यांना आयुष्यात मोठे पद लाभले नाही, त्यांनी एका सामन्याचा धनी असलेल्या त्या गुरूकडे पाहावे. मातांनो, लोईस व युनीके यांच्याकडे पाहा. तरुणांनो, ज्याने तुम्हांला पहिली प्रार्थना शिकवली त्याला या आठवड्यात एक पत्र लिहा किंवा फोन करा. आणि प्रत्येक घराने एका मुलाचे नाव आपल्या प्रार्थनेत घ्यावे, आठवड्यातील एक तास त्याला द्यावा. एवढेच मागणे आहे. परंतु ते प्रभूचे मागणे आहे.

प्रार्थना : हे पित्या, ज्यांनी आम्हांला उभे केले त्या हातांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. आम्हांला दुसऱ्यांदा पाहणारी दृष्टी, रोज झिजणारे प्रेम, थांबणारा धीर आणि मागे सरणारे मन दे. आमच्या जिभेला लेकरांसाठी आशीर्वादाचा शब्द दे. आम्ही जेथून निघून जाऊ तेथे तुझे बी रुजलेले असो. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.