लाल दिवा कोणाचा?

भंडारा जिल्ह्यातून दोन मोठे मार्ग जातात. एक मुंबई-हावडा लोहमार्ग. त्यावरचे भंडारा शहराचे स्थानक वरठीला आहे आणि पुढे तुमसर रोड जंक्शन लागते. दुसरा राष्ट्रीय महामार्ग ५३, लोकांच्या तोंडी अजूनही सहा नंबरचा रस्ता. तो नागपूरकडून येतो, भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोलीवरून रायपूरकडे निघून जातो. दोन्ही मार्गांवर लाल दिवा लागतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ थांबा असाच आहे. पण रुळावर लाल सिग्नल ओलांडून गाडी गेली, तर कोणाला खरचटले नसले तरी तो गंभीर प्रमाद ठरतो. लोको पायलटला कामावरून उतरवतात, चौकशी होते, नोकरीही जाऊ शकते. रस्त्यावर मात्र लाल दिवा ओलांडणारा पुढच्या चौकात पोहोचेपर्यंत ते विसरूनही गेलेला असतो. लोको पायलट आणि ट्रकचालक, दुचाकीस्वार, मोटारवाले एकाच समाजातली माणसे आहेत, अनेकदा एकाच घरातली. मग एकाच रंगापुढे त्यांचे वागणे इतके वेगळे का? शिस्त आपल्या रक्तात नाही, हे उत्तर रेल्वे रोज खोटे ठरवते.

माझ्या मते उत्तर असे आहे की रुळावरचा लाल दिवा पुढच्या गाडीतल्या माणसांसाठी आहे हे रेल्वेत प्रत्येकाला शिकवलेले असते. चौकातला लाल दिवा मात्र आपण पोलिसांचा समजतो. पोलीस असला की थांबायचे आणि नसला की निघायचे, या वागण्यामागे हीच समजूत आहे. पण चौकात आपल्याला लाल दिसतो त्याच क्षणी आडव्या रस्त्यावरच्या कोणाला तरी हिरवा दिसत असतो. तो माणूस आपल्याला ओळखत नाही, आपला स्वभाव त्याला ठाऊक नाही, तरीही आपण थांबू एवढ्या भरवशावर तो चौकाच्या मध्यात उतरतो. आपण लाल दिवा मोडतो तेव्हा सरकारचे काहीच बिघडत नाही. त्या माणसाचा भरवसा मोडतो. म्हणून चालकाची जबाबदारी दंडाच्या पावतीवरून मोजता येत नाही. ज्याच्या वाट्याला त्या वेळी हिरवा दिवा आला आहे, त्याचे आपण देणे लागतो. रस्त्यावरच्या दिव्याचा उगमही हेच सांगतो. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटजवळ पहिला वाहतूक दिवा उभा राहिला, तो जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेतून. गॅसवर चालणारा तो दिवा थोड्याच दिवसांत स्फोट होऊन निकामी झाला. पण त्याचा हेतू पायी चालणाऱ्यांना घोडागाड्यांच्या गर्दीतून रस्ता ओलांडता यावा हा होता. म्हणजे रस्त्यावरचा सिग्नल जन्मला तोच दुबळ्याच्या सोयीसाठी.

हा दुबळा भंडारा जिल्ह्यात कोण आहे, ते महामार्गावरच्या कोणत्याही चौकात दिसते. हा धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात रोवणीला जाणाऱ्या बाया ऑटोत आणि मालवाहू टेम्पोत दाटीवाटीने बसून जातात. दिवाळीनंतर धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर-ट्रॉली खरेदी केंद्रांकडे आणि राईस मिलकडे निघतात. शाळेची मुले सायकलने आडव्या रस्त्यांनी येतात, वरठी, जवाहरनगर आणि गडेगावच्या कारखान्यांतले कामगार पाळी सुटताच दुचाकींवर निघतात. या सगळ्यांना त्रिमूर्ती चौकात किंवा जिल्हा परिषद चौकात जो रस्ता ओलांडायचा असतो, तो नागपूर आणि रायपूर यांना जोडणारा, राज्याराज्यांतल्या मालट्रकांचा रस्ता आहे. कित्येक टन वजनाचा ट्रक आणि वीस किलोची सायकल यांची टक्कर झाली, तर चूक कोणाची होती याने परिणाम बदलत नाही. रुळावर लाल ओलांडणाऱ्याचा स्वतःचा जीवही धोक्यात येतो. रस्त्यावर चूक जड वाहन करते आणि किंमत हलके वाहन मोजते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळपास २० टक्के पायी चालणारी. महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक जीव गेले. तेव्हा वजन आणि वेग जितका जास्त, तितकी थांबण्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व कोणाच्या दयेवर अवलंबून ठेवता येणार नाही. तो साधा न्याय आहे.

यावर पहिला आक्षेप आकड्यांतूनच येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्याच सरकारी आकडेवारीत लाल दिवा ओलांडल्यामुळे झालेल्या मृत्यूंचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे, तर अतिवेगामुळे झालेल्या मृत्यूंचा ७१ टक्क्यांहून अधिक. मग दिव्याचा एवढा आग्रह कशाला? शिवाय ग्रामीण जिल्ह्यात सिग्नल असतात किती! बहुतेक चौकांत आणि फाट्यांवर दिवाच नाही. आकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. लाल दिवा मोडणे आणि अतिवेग ही दोन वेगळी दुखणी नाहीत. पिवळा लागताना दिसताच जो चालक पाय ब्रेककडे नेण्याऐवजी वेग वाढवतो, तोच पुढे दिवा नसलेल्या फाट्यावर वेग न उतरवता घुसतो. गणित पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तो एक सेकंद जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकच्या मोटारीलाही थांबायला आणखी २० मीटरच्या आसपास लागतात. वेग ताशी ४० असेल तर हे सगळे अंतर जवळपास निम्म्यावर येते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. भरलेल्या ट्रकला याहून बरेच जास्त अंतर लागते, आणि पावसाळ्यात ओल्या, चिखल सांडलेल्या डांबरावर त्याहून जास्त. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून चौकाजवळ येताना आपण थांबू शकू अशा वेगात असणे, हा खरा नियम आहे. दिवा त्याची आठवण करून देतो. जिथे दिवा नाही तिथेही नियम तोच राहतो. मोटार वाहन चालनाचे २०१७ चे विनियमही हेच सांगतात: चौकाजवळ वेग कमी करा, पिवळा लागला आणि सुरक्षित थांबता येत असेल तर थांबा, पुढे जागा नसेल तर हिरव्यावरही चौकात शिरू नका. हिरवा दिवा जाण्याची परवानगी देतो. चौकात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसावर गाडी घालण्याचा हक्क तो देत नाही.

दुसरा आक्षेप रस्त्यावर बोट ठेवतो. दिवे बंद असतात, झाडाच्या फांद्यांआड झाकलेले असतात, झेब्रा पट्टे पुसून गेलेले असतात, आडवा रस्ता महामार्गाला भलत्याच कोनात मिळतो, आणि दोष मात्र चालकाला. या तक्रारीत तथ्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम एका जिवाच्या मानाने फारच थोडी आहे, पण रस्ता बांधणाराही उत्तरदायी आहे हे कायद्याने मान्य केले. नागरिकांनी, ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने या कलमाचा आधार घेऊन बंद दिव्याचा आणि धोकादायक फाट्याचा जाब विचारायला हवा. लाखनी आणि साकोलीत उड्डाणपूल झाले, भंडाऱ्यासाठी वळणरस्ता आखला गेला; अशा कामांनी जड वाहतूक गावाच्या छातीवरून बाजूला होते आणि ती व्हायलाच हवी. पण उड्डाणपुलाखालचा चौक उरतोच, आणि तिथे आपलीच मोटार आणि आपलीच दुचाकी येत असते. रस्ता वाईट असेल तर चालकाने अधिक सावध व्हायचे असते. बंद दिव्याला मोकळा रस्ता समजणाऱ्याने अभियंत्याच्या चुकीत आपलीही चूक मिळवलेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण तो पोटाशी बांधलेला आहे. मालक वेळेत माल पोहोचवायला सांगतो, चालक रात्र-रात्र जागतो, आणि अपघात झाला की जमाव त्याच्यावर तुटून पडतो. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातले ट्रकचालक रस्त्यावर उतरले. जीवघेणा अपघात करून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये होती, तिला त्यांचा विरोध होता. दोन दिवस पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम वगळूनच ती अमलात आली. थांबलो तर मारले जाऊ, ही त्या चालकांची भीती खोटी नव्हती. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सुद्धा ही भीती ओळखते: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर त्याने निघून जाऊन पोलिसांना कळवावे, अशी सोय त्यात आहे. म्हणजे कायदा चालकाला मरायला सांगत नाही. जखमीला वाऱ्यावर सोडू नये एवढेच सांगतो. कामाच्या तासांबाबतही तसेच आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये झाला आणि त्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा तेव्हाच घातली होती. ती पाळली गेली असती, तर पहाटे डोळे मिटत चौकात येणारे किती तरी ट्रक ढाब्यावर उभे असते. म्हणून जबाबदारीची साखळी मालकापासून सुरू झाली पाहिजे. रेल्वेत लाल दिवा पाळला जातो, त्यामागे एकट्या लोको पायलटचा सद्गुण नाही. त्याचे प्रशिक्षण, त्याची विश्रांती, त्याची तपासणी आणि प्रत्येक चुकीची नोंद ही सगळी व्यवस्था त्याच्यामागे उभी असते. ट्रकचालकाच्या मागे कोणीच उभे नाही, ही आपल्या समाजाची लाज आहे. तरीही ज्या क्षणी समोर लाल दिवा असतो त्या क्षणी स्टिअरिंग मालकाच्या हाती नसते. तेवढ्या क्षणापुरती जबाबदारी चालकाचीच राहते, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

उरतो शेवटचा आणि सर्वांत सोपा वाटणारा आक्षेप: सगळेच तोडतात. मी एकटा थांबलो तर मागचा हॉर्न वाजवून हैराण करतो, कधी धडकेल याचा नेम नाही. आणि रात्री अकराला रिकाम्या चौकात थांबून कोणाचे भले होते? रात्रीच्या चौकाचे उत्तर आधी देतो. रिकामा वाटणारा चौक अंधारात रिकामा असतोच असे नाही. दिवा नसलेली सायकल, मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली, काळे कपडे घालून पायी चाललेला माणूस हे सगळे शेवटच्या क्षणी दिसतात. म्हणूनच रात्री लुकलुकणारा पिवळा दिवा ठेवतात. वेग उतरवा आणि पाहून जा, असा त्याचा अर्थ आहे. मागच्या हॉर्नचे उत्तर असे की थांबणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय तो हॉर्न बंद होणार नाही. मागच्याला आपण थांबणार हे आधीपासून वेग उतरवून कळवता येते. ऐनवेळी करकचून ब्रेक दाबणाऱ्याला मागून धडक बसते, आधीपासून हळू होणाऱ्याला सहसा बसत नाही. आणि सगळे तोडतात म्हणून मीही तोडणार, हे म्हणणे मान्य केले तर आपल्याला हिरवा मिळाला असतानाही कोणी आडवे आले तर तक्रारीचा हक्क उरत नाही. इतरांच्या थांबण्यावर आपण रोज जगतो. जे आपण इतरांकडून घेतो ते इतरांना देण्याचे नाकारणे याला व्यवहारात फसवणूक म्हणतात. रस्त्यावर तिला वेगळे नाव देण्याचे कारण नाही. कायदाही ती सौम्यपणे घेत नाही: २०१९ नंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते आणि त्यासाठी दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

दंड हवाच, कॅमेरे हवेत, चौकात पोलीसही हवेत. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक फाट्यावर पोलीस कधीच उभा राहणार नाही, आणि ज्या समाजाला थांबण्यासाठी समोर काठी लागते त्याच्या रस्त्यांवर माणसे मरतच राहतील. म्हणून ही शिकवण शाळेतून, वाहन शिकवणाऱ्या केंद्रांतून आणि घरातून सुरू व्हायला हवी. मुलाला गाडीची चावी देताना कागदपत्रे आहेत का हे विचारतो, तसे तू लाल दिव्याला थांबतोस का हेही विचारावे. आणि अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतील तर चावी देऊच नये, कारण त्या गुन्ह्याची शिक्षा कायद्याने पालकालाच ठेवली आहे. एसटीच्या, शाळेच्या आणि कारखान्यांच्या बसचालकांनी तर यात कोणतीही सूट मागू नये, कारण त्यांच्यामागे बसलेली माणसे त्यांनी निवडलेली नसतात, सोपवलेली असतात. लाल दिव्यापुढे थांबण्यात जास्तीत जास्त एक-दीड मिनिट जाते. भंडाऱ्याहून नागपूरला जायला लागणाऱ्या तासाभरातले एक-दीड मिनिट. तेवढ्या वेळात रस्ता ओलांडणारी मुलगी शाळेत पोहोचते, रोवणीहून परतणारी बाई घरी पोहोचते, पाळी संपवलेला कामगार पलीकडे जातो. वाचक चालक असेल, आणि आज बहुतेक वाचक चालक आहेत, तर त्याला एवढीच विनंती आहे: उद्या चौकात लाल दिवा लागला की पोलीस आहे का हे पाहू नका. आडव्या रस्त्यावर कोण आहे ते पाहा, आणि त्याच्यासाठी थांबा.