सुखाचा कारभारी आणि उपदेशकाचं पुस्तक

रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीतले आगीचे प्रसंग इतके ठसतात, की सुरुवातीलाच येणारी एक घटना बऱ्याच वाचकांच्या मनातून निसटते. पुस्तकं जाळण्याची नोकरी करणारा गाय माँटॅग रात्री घरी येतो, तर बायको मिल्ड्रेड निपचित पडलेली. झोपेच्या ३० गोळ्यांची बाटली रिकामी. तो मदत मागवतो. डॉक्टर येतच नाहीत. यंत्र घेऊन दोन कामगार येतात. सिगारेट ओढत ते तिच्या पोटातलं विष उपसतात, रक्त बदलतात आणि सामान आवरतात. अशा नऊ-दहा केसेस रोज रात्री असतात, असं सहज सांगून पुढच्या घराकडे निघतात. सकाळी मिल्ड्रेडला काहीही आठवत नसतं. तिला सपाटून भूक लागलेली असते.

या समाजाचा दावा असा, की इथे सगळे सुखी आहेत.

ब्रॅडबरी कधी कॉलेजात गेले नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयांत वाचूनच ते शिकले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या पॉवेल ग्रंथालयाच्या तळघरात भाड्यानं टाइपरायटर मिळत, अर्ध्या तासाला दहा सेंट. तिथे बसून टाइप केलेली ‘द फायरमन’ ही दीर्घकथा १९५१ मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकात आली आणि तिचीच वाढवलेली कादंबरी ऑक्टोबर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. काळ सिनेटर मॅकार्थीचा होता. परदेशांतल्या अमेरिकी सरकारी ग्रंथालयांमधून ‘संशयित’ लेखकांची पुस्तकं काढली जात होती. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात, पुस्तकं जाळणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, असं तरुणांना बजावावं लागलं. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझी विद्यार्थ्यांनी केलेली ग्रंथांची होळीही तेव्हा फार जुनी नव्हती. साहजिकच ही कादंबरी सरकारी सेन्सॉरशिपची कादंबरी म्हणून वाचली गेली, आजही वाचली जाते. खुद्द ब्रॅडबरी यांनी मात्र २००७ मध्ये एका मुलाखतीत हा अर्थ नाकारला. टेलिव्हिजननं माणसांची वाचनाची ओढ कशी मारली, हे आपल्याला सांगायचं होतं, असं ते म्हणाले.

या दोन्ही अर्थांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे, आणि तो कादंबरीत सगळ्यात नेमकेपणानं मांडतो कॅप्टन बीटी, माँटॅगचा वरिष्ठ. त्याच्या सांगण्यानुसार हे सगळं सरकारी हुकमानं सुरू झालं नाही. लोकांनीच आधी वाचणं सोडलं. ग्रंथांचे गोषवारे झाले, गोषवाऱ्यांच्या दोन-चार ओळी झाल्या. प्रत्येक गटाला कुठलं ना कुठलं पुस्तक बोचत होतं. पुस्तकं एकमेकांना खोटं पाडतात आणि वाचणारा अस्वस्थ होतो. मग एखाद्या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवायच्या कशाला? एकच दाखवावी, जमलं तर तीही नको. बीटीनं अंत्यविधीसुद्धा निकालात काढले आहेत, कारण त्यानं माणसं उदास होतात. मृतदेह काही मिनिटांत भट्टीकडे रवाना होतो. आठवणी नकोत, रडणं नको.

बीटी खलनायक आहे, पण त्याचा प्रश्न झटकून टाकता येत नाही. दुःख कमी करणं हे पुण्याचं काम असेल, तर दुःख देणारं ज्ञान माणसापासून दूर ठेवण्यात पाप कसलं? कठोपनिषदात यम नचिकेत्यापुढे याच धर्तीचा सौदा ठेवतो. हत्ती-घोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे, फक्त मरणानंतर काय हे विचारू नकोस. तो मुलगा ऐकत नाही. पण नचिकेता एकटा होता आणि स्वतःच्या पायांनी यमाच्या दारी गेला होता. बीटीची माणसं कोट्यवधी आहेत, आणि तिथे प्रश्न विचारणाऱ्या, माँटॅगच्या शेजारी राहणाऱ्या क्लॅरिससारख्या मुलीलाच विक्षिप्त ठरवलं जातं.

ब्रॅडबरी यांनी बीटीला दिलेलं उत्तर युक्तिवादात सापडत नाही. वादात बीटीच जिंकतो. त्यानं माँटॅगपेक्षा कितीतरी जास्त वाचलेलं आहे. उत्तर दडलं आहे ते माँटॅगच्या हाती दिलेल्या पुस्तकात. त्यानं लपवलेल्या पुस्तकांत एक बायबल आहे. भुयारी रेल्वेत बसून तो त्यातलं थोडं पाठ करू पाहतो आणि डब्यातल्या कर्ण्यावरून दंतमंजनाची जाहिरात त्याच्या कानांवर आदळत राहते. शेवटी त्याच्या स्मरणात उरतो तो मुख्यतः ‘उपदेशक’ या पुस्तकाचा काही भाग, आणि थोडं ‘प्रकटीकरण’.

ही निवड विलक्षण आहे. दिलासा देणारी स्तोत्रं बायबलमध्ये भरपूर आहेत. ‘उपदेशक’ हे मात्र त्यातलं सर्वांत संशयी पुस्तक. सगळं व्यर्थ आहे, शहाण्याला आणि मूर्खाला एकच मरण येतं, हे ते पुन्हापुन्हा सांगतं. ज्ञान वाढलं की दुःख वाढतं, हेही त्यात आहे. ग्रंथांच्या निर्मितीला अंत नाही आणि फार अभ्यासानं देह शिणतो, असा इशाराही आहे. म्हणजे बीटीचा मुख्य आरोप या पुस्तकानं आधीच मान्य करून टाकलेला आहे! तरीही तेच पुस्तक सांगतं, की मेजवानीच्या घरी जाण्यापेक्षा शोकाच्या घरी जाणं बरं. अंत्यविधी बंद करणाऱ्या माणसाला यापेक्षा थेट उत्तर दुसरं कुठलं देणार?

या पुस्तकावर खुद्द धर्माच्या घरातही संकट आलं होतं. त्याला पवित्र मानायचं की नाही, यावर ज्यू धर्मपंडितांत मतभेद होते. त्यातली वचनं एकमेकांना छेद देतात म्हणून ते बाजूला ठेवण्याचा विचार झाला होता, अशी नोंद तालमुदमध्ये आहे. परस्परविरोधाची ही तक्रार बीटीच्या तोंडी चपखल बसली असती. पण त्या पंडितांनी पुस्तक ठेवलं. पुढे अनेक ज्यू समाजांत ते सुक्कोतच्या सणात वाचण्याची प्रथा पडली, आणि सुक्कोत हा तर आनंदाचा सण म्हणून सांगितलेला! आनंदाच्या दिवसांत व्यर्थतेचं पुस्तक उघडून बसणाऱ्या या परंपरेला जे उमगलं होतं, ते बीटीच्या शहराला उमगलं नाही. दुःखाची जाण बाहेर ठेवून मिळवलेला आनंद रात्री गोळ्यांची बाटली रिकामी करतो.

कादंबरीतला सर्वांत अस्सल प्रसंगही याच विचाराचा आहे. मिल्ड्रेडच्या मैत्रिणी भिंतीएवढ्या पडद्यांसमोर गप्पा मारत बसलेल्या असताना माँटॅग मॅथ्यू आर्नल्डची ‘डोव्हर बीच’ ही कविता वाचून दाखवतो. मिसेस फेल्प्सला रडू कोसळतं. का, हे तिला सांगता येत नाही. तिचा नवरा युद्धावर गेलेला आहे आणि क्षणापूर्वीच ती त्याबद्दल बेफिकिरीनं बोललेली आहे. शेजारची मिसेस बोल्स चिडून म्हणते, की कवितेनं रडूच येतं, ती माणसाला दुखावतेच. दोघी एकाच अनुभवाच्या दोन साक्षी देतात आणि दोघीही खरं बोलतात.

मराठी वाचक इथे एका ठिकाणी अडखळणारच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. बीटी सगळ्या तक्रारी एकाच मापानं मोजतो: काळ्यांना एक पुस्तक खुपतं, जाळा, गोऱ्यांना ‘अंकल टॉम्स केबिन’ खुपतं, तेही जाळा. ही बरोबरी खोटी आहे, आणि महाडवरून ती का खोटी हे कळतं. महाडला ग्रंथ नाहीसा करायचा नव्हता. त्याच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या सोसलेलं दुःख चारचौघांत उघडं करायचं होतं. बाबासाहेबांनी पुढेही मनुस्मृती बारकाईनं वाचली, तिच्यावर लिहिलं, आणि ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना घर मिळावं म्हणूनही. बीटीची आग दुःख झाकते. महाडच्या आगीनं ते बोलतं केलं.

ब्रॅडबरी यांच्या कादंबरीला पुढे बीटीच भेटला, तोही शाळांच्या वाटेनं. १९६७ पासून तिच्याच प्रकाशकानं शाळांसाठी एक ‘स्वच्छ’ आवृत्ती काढली. ७५ जागी मजकूर बदलला, शिव्या आणि गर्भपाताचा उल्लेख गाळला, दारू प्यालेला माणूस आजारी केला. पुढे काही वर्षं बाजारात हीच आवृत्ती होती. वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी लेखकाला कळवलं आणि १९७९ नंतर मूळ मजकूर परत आला. आग लागली नव्हती, हुकूम सुटला नव्हता. मुलांना त्रास होऊ नये, एवढीच काळजी होती.

कादंबरीची एक उणीव सांगायलाच हवी. मिल्ड्रेडचं दुःख सगळ्यांत मोठं, आणि लेखक तिलाच सर्वांत कमी वेळ देतो. पण तिच्या मरणाच्या क्षणी एक गोष्ट घडते. शहरावर बॉम्ब पडताना, ती आपल्याला पहिल्यांदा कुठे भेटली हे माँटॅगला अचानक आठवतं: शिकागोत. इतके दिवस ते दोघांनाही आठवत नव्हतं. जंगलातल्या, एकेक पुस्तक पाठ करून जपणाऱ्या पुस्तक-माणसांचा म्होरक्या ग्रेंजर आपल्या आजोबांच्या मरणावर आपण कसे रडलो, हे त्याला सांगतो. या माणसांमध्ये कुणी प्लेटो आहे, कुणी डार्विन, कुणी गौतम बुद्ध, कुणी गांधी. माँटॅगकडे ‘उपदेशक’ येतं ते राखीव म्हणून. मुख्य मानकरी यंग्झटाउनचा हॅरिस आहे. त्याला काही झालं तर माँटॅग.

सकाळी हे लोक जळालेल्या शहराकडे चालू लागतात. काय बोलायचं, हे माँटॅग मनाशी जुळवत असतो. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते, हे ‘उपदेशका’चं म्हणणं त्याला आधी आठवतं, रडण्याची वेळही त्यातच आली. राष्ट्रांना बरं करणाऱ्या पानांच्या झाडाचं ‘प्रकटीकरणा’तलं चित्र तो शहरात पोहोचल्यावर, दुपारसाठी राखून ठेवतो.