विकलेल्या वस्तूची किल्ली

एखादी वस्तू विकावयाची आणि तिची किल्ली मात्र आपल्याच कनवटीला ठेवावयाची, या व्यवहाराला न्याय्य म्हणता येईल काय? हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून सुचला नाही. तो धंद्यातून आला. ज्या लहानशा प्रकाशनसंस्थेत मी भागीदार आहे, तिच्या ई-बुकांना कोणते कुलूप घालावे हे ठरविण्याचे काम माझ्याकडे आहे. या कुलपाचे भारदस्त नाव ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’. पुस्तकाचा मजकूर सांकेतिक रूपात बंदिस्त करतात. वाचकाचे यंत्र दूरच्या सर्व्हरकडे परवाना मागते आणि तो मिळाला तरच अक्षरे दिसतात.

कुलूपच नको, असे म्हणणे सोपे आहे. पण लेखकाने वर्षानुवर्षे खपून लिहिलेले पुस्तक एका रात्रीत फुकट मोबाइलवर फिरू लागते, त्याला चोरीच म्हटले पाहिजे. कचेऱ्यांतही करारमदार आणि पगारपत्रके अशाच कुलपात ठेवतात. नोकरी सोडून गेलेल्याला मग ती उघडता येत नाहीत. त्यात मला वावगे दिसत नाही. तो कागद कंपनीचा असतो, कोणी विकत घेतलेला नसतो.

पुस्तकाचे मात्र आपण पैसे घेतलेले असतात. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. त्या विकण्याचा हक्क विक्रेत्याला नव्हता, हे खरे. पैसे परत मिळाले, पुढे क्षमाही मागितली गेली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-बुकांचे दुकान बंद केले आणि तेथे घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले. पुस्तकात टिपा करून ठेवणाऱ्यांना वर २५ डॉलर मिळाले. वाचताना मनात उठलेल्या विचाराची किंमत दुकानदाराने ठरवावी, हे मला त्या नुकसानीहूनही अधिक बोचते.

कायद्याची दृष्टी याहून समतोल आहे. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात आलेले ६५-अ कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. पण कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कामाची वाट ते अडवीत नाही. शिवाय लेखकाच्या हक्कालाही त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची सीमा आहे. यंत्राच्या कुलपाला ही सीमा कोणी शिकविलेली नसते.

म्हणून मी भागीदारांपुढे असे मांडले आहे : ग्रंथालयांना मुदतीने द्यावयाच्या प्रतींना कुलूप असू द्यावे, कारण उसनवारीला आपण उसनवारीच म्हणतो. विकलेल्या प्रतीवर मात्र घेणाऱ्याचे नाव उमटवावे आणि ती मोकळी सोडावी. टॉर या अमेरिकेतील प्रकाशनसंस्थेने २०१२ पासून आपली ई-बुके बिनकुलपाची केलीच आहेत. एक भागीदार म्हणाले, “नाव पाहून चोर लाजतो काय?” लाजत नाही. पण चोर कुलपालाही फारसा भीत नाही. त्यात अडकतो तो दाम मोजून घेणारा वाचक.

तथापि यातला तोटा माझ्या एकट्याचा नाही. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणे हे काही औदार्य नव्हे. तेव्हा प्रत्येक लेखकापुढे हा हिशेब उघड ठेवून त्याची संमती करारात घेतली पाहिजे. ज्याला कुलूपच हवे असेल, त्याच्या पुस्तकाला ते घालू; मात्र त्या पुस्तकाच्या पावतीवर ‘विक्री’ हा शब्द छापू देणे मला मान्य नाही.