धर्मकाटा

मालमोटारी तोलण्याच्या काट्याला आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात. वजनाला धर्माची जोड देणारा तो अनाम माणूस मोठा शहाणा असला पाहिजे. उरणकडे जाताना कंटेनरांची न संपणारी रांग दिसली, की हा शब्द मला हटकून आठवतो.

न्हावा आणि शेवा ही मूळची दोन गावे. १९८९ साली इथे बंदर सुरू झाले आणि ही नावे जगभरच्या जहाजांच्या कागदांवर चढली. कंटेनर एकदा मोहोरबंद झाला, की आत कापूस आहे की लोखंड, हे बाहेरून समजत नाही. जहाजावर जड पेट्या खाली, हलक्या वर रचायच्या, डाव्या-उजव्या अंगाचा तोल सांभाळायचा. आणि हा सारा हिशेब कागदावरच्या आकड्यांवरून! एकूण भार बेताचा असूनही भागत नाही, तो योग्य जागी असावा लागतो. विमानाचेही तेच.

जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली' हे जहाज वादळात तडकले. खलाशी सगळे वाचले. मुख्य दोष जहाजाच्या बांध्याचा निघाला; पण चौकशीत डेकवरचे सुमारे ६६० कोरडे कंटेनर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांचे वजन कागदापेक्षा ३ टनांहून अधिक वेगळे भरले. एकाचा फरक तर २० टनांचा!

हे पाप कोणाचे? वाणी दांडी मारतो तेव्हा गिऱ्हाईक निदान समोर उभे असते. कंटेनरचे वजन कमी लिहिणारा कोणाचेच वाईट चिंतीत नसतो. त्याला चार पैसे वाचवायचे असतात, किंवा नुसता तोलण्याचा कंटाळा असतो. ज्याच्या अंगावर ती रास कलंडेल, तो खलाशी त्याने जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून त्याला स्वस्थ झोप लागते. त्यातही लबाडापेक्षा मला अंदाजपंचे लिहिणारा अधिक भयंकर वाटतो. लबाडाला खरा आकडा ठाऊक तरी असतो. याला तो जाणून घ्यावासाच वाटलेला नसतो. (गणिताच्या वहीत 'सुमारे' लिहिणाऱ्या मुलाला मी अर्धा गुण देतो, पण वहीखाली कोणी चिरडत नाही.)

मात्र प्रकरण इतके सरळ नाही. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेत शार्लट येथे एक लहान विमान उडताच कोसळले. २१ माणसे गेली. शेपटीकडची एक तार चुकीची ताणलेली होती, आणि शेपटीकडे भारही जास्त झाला होता. वजनात कोणी लबाडी केली नव्हती. प्रवाशांचे सरासरी वजन नियमाप्रमाणेच धरले होते. माणसे जाडावली होती, आकडा जुनाच राहिला होता. पुढे तो वाढवावा लागला.

कंटेनर तोलल्यावाचून जहाजावर चढवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून आला. माल पाठवणाऱ्याला त्यात दोन वाटा आहेत: भरलेला कंटेनर काट्यावर घालावा, किंवा आतले एकेक खोके तोलून बेरीज करावी, रिकाम्या पेटीचे वजन त्यात मिळवावे आणि खाली जबाबदार माणसाने सही करावी. या दुसऱ्या वाटेचे मला फार कुतूहल आहे. संध्याकाळ झालेली, गाडी दारात उभी, आणि शेवटची चार खोकी तोलायची राहिलेली.