पंढरीची बारकी गाडी
तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबात मुक्कामाला आली की आमच्या नाना पेठेत वारकऱ्यांचे पाय चेपायला झुंबड उडते. तळव्यांच्या भेगांत डांबर रुतलेलं असतं. तेल चोळताना मला हटकून एव्हरार्ड कॅलथ्रॉप आठवतो. या इंग्रज इंजिनियरची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शीपर्यंत धावली आणि १९०६ साली पंढरपुरात पोचली. देव वाफेच्या गाडीने हाताशी आला, तरी वारी पायीच राहिली. म्हणजे चालणं हे नुसतं पोचण्याचं साधन नव्हतंच. मग माझ्या आजीचं काय? गुडघ्यांपायी ती कुर्डुवाडीहून त्या बारक्या गाडीनेच जायची. तिची भक्ती उणी म्हणायला माझी जीभ धजत नाही. ‘आम्ही पायी आलो’ म्हणणाऱ्या काहींचा तोरा तर तिच्यात औषधालाही नव्हता.