मुखवटा उतरल्यावर

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या मुलखात बोहाडा होतो. पोशेरा हे याच मोखाडा तालुक्यातले गाव. देवदानवांचे मुखवटे चढवून माणसे रात्री नाचतात. राक्षसाच्या सोंगाला लेकरे भितात, हसतातही. सकाळी मुखवटा उतरतो, राक्षस पुन्हा शेजारी होतो. जन्मभर त्याला कुणी राक्षस म्हणत नाही.

मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या जीवाला ही सोय नव्हती. निर्मात्याने त्याला नावसुद्धा दिले नाही. एका तुर्की व्यापाऱ्याच्या मुलीला, साफीला, दिले जाणारे भाषेचे धडे भिंतीआडून ऐकत तो शिकला. आंधळ्या म्हाताऱ्याने त्याला माणूस समजून आत घेतले. डोळसांनी काठीने बडवले. पुढे त्याने एका निष्पाप मुलाचा गळा घोटला. त्याचे दुःख खरे, पण त्या मुलाचा काय अपराध? अन्यायाने गुन्ह्याचे कारण कळते, गुन्हा धुतला जात नाही.

हीच कथा २०२३ सालच्या ‘पुअर थिंग्ज’ या चित्रपटात उफराटी, हसवत-बोचत येते. डॉक्टर गॉडविन एका मृत स्त्रीच्या देहात तिच्याच पोटातल्या बाळाचा मेंदू बसवतो. त्याचा स्वतःचा चेहरा बापाच्या प्रयोगांनी विद्रूप झालेला. तरी तो बापाला दोष देत नाही, त्याचाच कित्ता गिरवतो. बेलाला तो घरात कोंडतो, काळजीपोटी. मात्र ती जायचे म्हणते तेव्हा अखेर दार उघडतो. तेवढ्याने तो आम्हाला माणूस वाटतो.

शेवटी बेलाचा क्रूर नवरा बकरीच्या मेंदूने हिरवळीवर बेंबटताना दिसतो. आम्ही खळखळून हसलो. घरी येताना मात्र गप्प झालो. जिच्या देहावर दुसऱ्याने सुरी चालवली, तिच्याच घरात सुरी पुन्हा चालली, आणि आम्हाला तो न्याय वाटला!

आमच्या चेहऱ्यावर लोक परस्पर मुखवटा चढवतात, तेव्हा आम्ही चिडतो; चिडायलाच हवे. पण आमच्या घरात शिकायला निघालेल्या मुलीसमोर काळजीच्या नावाखाली दार कोण लावतो? बापाकडून मिळालेला घाव आम्ही लेकीकडे वारसा म्हणून सोपवत नाही ना? दुसऱ्याने चढवलेला मुखवटा उतरवणे आमच्या एकट्याच्या हाती नाही. घरातल्या दाराची कडी मात्र आतून आहे, आमच्याच हाताशी.