दोन अंशांचा अबोला

विज्ञानकथांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. ताऱ्यांच्या प्रदेशात गेलेल्या यानाशी बोलणं चालू असतं आणि अचानक पलीकडून उत्तर येईनासं होतं. इकडची माणसं लगेच ठरवतात, शत्रूनं घात केला, नाहीतर तिकडचे सगळे संपले. आपल्याकडून काही चुकलं असेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

असा प्रसंग खरोखरच घडला, २०२३ च्या जुलैमध्ये. व्हॉयेजर-२ हे नासाचं यान १९७७ साली निघालं आणि २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं. दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा. गोव्यातल्या केरी गावची ही बाई याच वर्षी, यानं निघाल्यावर थोड्याच दिवसांत गेली. तिचा आवाज मात्र अजून प्रवास करतो आहे.

तर २१ जुलैला या यानाशी संपर्क तुटला. अंतर जवळजवळ दोन हजार कोटी किलोमीटर. यान बिघडलं नव्हतं, वीजही संपली नव्हती. इथूनच पाठवलेल्या आज्ञांमध्ये चूक झाली होती. त्या पाळून यानानं आपला अँटेना पृथ्वीपासून फक्त दोन अंश वळवला. बस्स, एवढंच. यान बोलतच होतं, पण आपल्याला ऐकू येत नव्हतं. आपलं बोलणंही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

हे वाचलं आणि मी हातातलं काम ठेवून बसले. मला सांगलीची अक्का आठवली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर मी देवासला आले, ती तिकडेच राहिली. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळं तिनं एकटीनं केलं. आणि मी इथून फोनवर विचारलं, "एवढा पैसा लागलाच कसा?" मला खरंच हिशोब मागायचा नव्हता. काळजी होती, ती अशा शब्दांत बाहेर पडली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मीही मनात धरलं की अक्काच फिरली, अक्कालाच गर्व झाला.

दर वर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी मी दोनशे जणांना एकच संदेश पाठवायची. कमळाचं चित्र, खाली लिहिलेलं, मन-वचन-कायेनं काही दुखावलं असेल तर क्षमा. त्या दोनशेत अक्काही असायची. तिच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. मला वाटायचं, झालं, आपलं कर्तव्य झालं.

व्हॉयेजरच्या बाबतीतही असंच झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला मोठ्या अँटेनांना यानाची एक क्षीण लहर सापडली. शास्त्रज्ञ तिला हृदयाचा ठोका म्हणाले. यान जिवंत आहे, एवढंच तिच्यातून कळत होतं. माहिती काहीच नव्हती. अक्काचे जोडलेले हात म्हणजे तेच. ती आहे, एवढं कळायचं. ती कशी आहे, ते मी विचारलंच कुठे होतं?

आपल्या शास्त्रानं या गोष्टीचा किती बारकाईनं विचार केला आहे! तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. प्रमाद म्हणजे असावधपणा. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य तिथे सुटका करत नाही. म्हणून तर पाच समितींमध्ये भाषासमिती आहे. बोलण्याआधी शब्द पारखायचा, पाणी गाळून घेतो तसा. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, आणि फोनवर मात्र काहीही बोलून मोकळ्या होतो.

कुणी म्हणेल, मौनालाही आपल्याकडे मान आहे, वचनगुप्ती आहे. आहे ना. पण मौन वेगळं आणि अबोला वेगळा. आमच्या देवासनं एक खरं मौन पाहिलं आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन इथे राहायला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. कित्येक वर्षं तो गळा गप्प होता. पण त्या काळात अंथरुणावरून त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, आणि पुढे ती त्यांच्या गाण्यात आली. मौनात तोंड बंद असतं आणि कान उघडे असतात. अबोल्यात आपण कानही बंद करून घेतो. तो संयम नाही बायांनो, तो मानकषाय आहे.

मग काय करायचं? व्हॉयेजरमध्ये आपोआप दिशा सुधारण्याची सोय होती, पण तिची वेळ १५ ऑक्टोबरला येणार होती. थांबता आलं असतं. आपणही म्हणतोच, 'पुढच्या क्षमावाणीला बघू.' शास्त्रज्ञ थांबले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या मोठ्या अँटेनावरून त्यांनी पूर्ण ताकदीनं एकच आज्ञा पाठवली, तोंड इकडे वळव. ती पोचायला साडेअठरा तास, उत्तर यायला तेवढेच. सदतीस तासांनी, ४ ऑगस्टला, यान पुन्हा बोलू लागलं.

प्रत्येक वेळी असं होत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये चंद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर उतरताना गप्प झाला. इस्रोनं तिथला दिवस मावळेपर्यंत, जवळजवळ चौदा दिवस हाका मारल्या. उत्तर आलं नाही. म्हणून त्या हाका चुकीच्या ठरतात का? मला नाही वाटत. उत्तर देणं पलीकडच्याच्या हाती असतं. नीट दिशा धरून हाक मारणं मात्र आपल्या हाती असतं, आणि क्षमा मागणं तेवढंच असतं.

मी क्षमावाणीची वाट पाहिली नाही. आषाढातच फोन केला. "अक्का, आईचं सगळं तू एकटीनं केलंस आणि मी पैशाचं विचारलं. ते माझं चुकलं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्ता आठवलं होय तुला?" आणि फोन ठेवला.

खोटं कशाला सांगू, मला अपमान वाटला. परत फोन करू नये असंही वाटलं. मग शास्त्रातल्या क्रोधाच्या चार रेघा आठवल्या. पाण्यावरची, धुळीतली, जमिनीला पडलेल्या भेगेची आणि दगडावरची. अक्काच्या मनातली रेघ कोणती, ते मला माहीत नाही. पण ती ओढणारा हात माझा होता. मग तिनं किती दिवसांत पुसावी, हे मी कसं ठरवणार?

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. त्या विषयावर ती अवाक्षर बोलली नाही. देवासला पाऊस झाला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, झाला, टेकडी हिरवी झाली. मग मी तिला विचारलं, "तुझे गुडघे कसे आहेत?" आणि नुसती ऐकत बसले.